पडद्यावर बरोबर, जॉबवर चूक: सीएनसी लेथचा टूलपाथ आणि कोड कसा तपासावा

रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काही वर्षांपूर्वी मला सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांनी चालणाऱ्या लेथवर, कापलेला एक जॉब (नग) दाखवण्यात आला. ३० मिमी व्यासाचा, मागे एक पायरी असलेला साधा शाफ्ट होता आणि त्याच्या तोंडावर १ मिमीचा, ४५ अंशांचा चॅम्फर, म्हणजे कडेचा तिरका काप, हवा होता. व्यास मायक्रोमीटरवर अचूक येत होता, पृष्ठभाग स्वच्छ होता, पण चॅम्फर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पडत होता. ऑपरेटरने फिनिशिंग टूलचा झेड ऑफसेट (टूलच्या जागेची, जॉबच्या लांबीच्या दिशेतली मशीनमध्ये भरलेली नोंद) अर्धा मिलिमीटर चकाकडे, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यांकडे, सरकवून पाहिला. तोंडाचे फेसिंग (तोंड सपाट कापणे) वेगळ्या टूलने होत असल्यामुळे चॅम्फर भरला, पण मागच्या पायरीची लांबी तेवढीच बिघडली. प्रोग्रॅम करणारा मुलगा संगणकावर सिम्युलेशन पुन्हा पुन्हा चालवून दाखवत होता आणि पडद्यावर चॅम्फर प्रत्येक वेळी पूर्ण १ मिमीचा दिसत होता. दोघेही मन लावून काम करणारे होते आणि दोघांचीही मोजमापे खरी होती. वाद मात्र ‘चूक कोणाची’ यावर अडला होता. चूक कोणत्या टप्प्यावर शिरली, हे कोणी विचारलेच नव्हते.

वागळे इस्टेटपासून महापे-तुर्भ्यापर्यंतच्या कारखान्यांत हा प्रसंग वेगवेगळ्या रूपांत रोज घडतो. त्यात इन्सर्ट (टूलच्या टोकाची बदलता येणारी पाती) तुटतात, माल भंगारात जातो, आणि कधी कधी टरेट (टूल धरणारी फिरती बैठक) चकावर आदळून मशीन आठवडाभर बंद पडते. म्हणून टूलपाथ आणि कोड यांतली चूक शोधण्याची रीत येथे जरा विस्ताराने मांडत आहे.

ड्रॉइंगपासून जॉबपर्यंतच्या वाटेवर किती हात बदलतात, हे आधी पाहू. कॅम, म्हणजे ड्रॉइंगवरून कापण्याचा मार्ग आखणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये आपण भूमिती, टूल आणि कापण्याची पद्धत निवडतो, तेव्हा सॉफ्टवेअर स्वतःच्या अंतर्गत भाषेत टूलचा मार्ग तयार करते. हा झाला टूलपाथ, आणि तो कोणत्याही एका मशीनच्या भाषेत नसतो. मग पोस्टप्रोसेसर, ज्याला आपल्याकडे नुसते ‘पोस्ट’ म्हणतात, त्या मार्गाचे विशिष्ट कंट्रोलला (मशीनच्या संगणकाला) समजेल अशा कोडमध्ये रूपांतर करतो. ती फाइल केबलने, कार्डाने किंवा पेनड्राइव्हने मशीनवर जाते. तिथे कंट्रोल ती ओळीओळीने वाचतो आणि आपल्या पॅरामीटरप्रमाणे (मशीनमध्ये साठवलेल्या सेटिंगप्रमाणे), ऑपरेटरने भरलेल्या ऑफसेटप्रमाणे तिचा अर्थ लावून मोटरी फिरवतो. कॅममधले नेहमीचे सिम्युलेशन यांपैकी फक्त पहिला टप्पा दाखवते. ते बहुतेक वेळा पोस्टच्या आधीच्या अंतर्गत मार्गावर चालते, त्यामुळे पोस्टने काय लिहिले आणि कंट्रोलने ते कसे वाचले, याची त्याला काहीच खबर नसते. याउलट कंट्रोलच्या स्वतःच्या पडद्यावरचे ग्राफिक खरा कोड वाचून चित्र काढते. ते चित्र ओबडधोबड असले, तरी पोस्टची चूक पकडण्यासाठी जास्त उपयोगाचे असते.

पोस्टची गरजच का पडावी, असा प्रश्न नव्या प्रोग्रॅमरला पडतो. जी-कोडला, म्हणजे मशीनच्या या भाषेला, मानक आहे. अमेरिकेतील आरएस-२७४-डी हे १९८० मधले, तर आयएसओ ६९८३ हे १९८२ मधले. पण मानकाने बऱ्याच जागा मोकळ्या ठेवल्या आणि प्रत्येक कंट्रोल बनवणाऱ्याने त्या आपापल्या पद्धतीने भरल्या. मराठी एकच असली, तरी आगरी बोलीतला शब्द विदर्भात वेगळा कानावर पडतो, तसे येथे होते. एवढेच की माणूस संदर्भाने अर्थ सावरून घेतो आणि मशीन मात्र आपल्याला ठाऊक असलेला अर्थ धरून थेट चालू लागते.

चूक शोधण्याची माझी रीत साधी आहे. ड्रॉइंगवरचा बिघडलेला एकच भाग निवडावा, त्या जागी कोडमध्ये कोणते आकडे यायला हवेत हे कागदावर हाताने काढावे, आणि मग फाइल उघडून नेमकी तीच ओळ वाचावी. आकडे जुळले, तर कॅम आणि पोस्ट दोघेही सुटले आणि शोध मशीनकडे, म्हणजे ऑफसेट व पॅरामीटरकडे वळतो. जुळले नाहीत, तर मशीनला हात लावण्याचे कारण उरत नाही. हे होईपर्यंत ऑफसेट बदलायचा नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो, कारण ऑफसेट बदलला की मूळ खूण पुसली जाते आणि एका चुकीच्या दोन होतात.

त्या चॅम्फरलाच ही रीत लावून पाहू. टूलचे टोक आपण कागदावर बिंदू मानतो, पण इन्सर्टचे टोक गोल असते. त्या टूलची गोलाई ०.८ मिमी होती. ऑपरेटर टूल सेट करताना व्यासाला स्पर्श करून एक्स (व्यासाच्या दिशेचे माप) घेतो आणि तोंडाला स्पर्श करून झेड घेतो, म्हणून कंट्रोलला माहीत असलेले ‘टोक’ हा प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेला, दोन स्पर्शरेषांच्या छेदावरचा काल्पनिक बिंदू असतो. सरळ व्यास किंवा सपाट तोंड कापताना याने काही बिघडत नाही, आणि म्हणूनच शाफ्टचा व्यास अचूक येत होता. तिरक्या रेषेवर मात्र हा काल्पनिक बिंदू रेषेवर असतो आणि खरी गोल धार रेषेपासून मागे राहते. ४५ अंशांच्या रेषेवर हे अंतर गोलाईच्या ०.४१४ पट असते, आणि चॅम्फरच्या बाजूवर मोजले तर ०.५८६ पट. ०.८ गुणिले ०.५८६ म्हणजे ०.४६९ मिमी. १ मिमीच्या चॅम्फरमधून ते वजा केले की ०.५३ मिमी उरतात, आणि ऑपरेटरला व्हर्निअरवर तेवढेच मिळत होते. मोजमाप इतके नेमके जुळल्यावर संशयाला जागा राहिली नाही. नोज रेडियस कॉम्पेन्सेशन, म्हणजे टोकाच्या गोलाईची भरपाई, कुठेच होत नव्हती.

फाइल उघडली तेव्हा तिथे या दोन ओळी होत्या. (येथे अक्षरे देवनागरीत लिहीत आहे. मशीनवर ती रोमन मोठी अक्षरे असतात. जी०१ म्हणजे सरळ रेषेत कापत जाणे.)

जी०१ एक्स२८. झेड०.
एक्स३०. झेड-१.

हे ड्रॉइंगचे शुद्ध आकडे आहेत. असे आकडे लिहिले असतील, तर भरपाई कंट्रोलने करायला हवी आणि त्यासाठी आधीच्या ओळीत जी४२, म्हणजे भरपाई चालू करण्याची आज्ञा, असायला हवा. तो नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये भरपाईचा पर्याय ‘कंट्रोल’ असा निवडलेला होता आणि सिम्युलेशन ती झाली असे गृहीत धरून चित्र काढत होते, पण पोस्ट जी४२ लिहीतच नव्हते. भरपाई संगणकाने करायची असती, तर हेच आकडे एक्स२७.०६३ झेड०. आणि एक्स३०. झेड-१.४६९ असे दिसले असते. म्हणजे फाइलमधल्या दोन ओळी वाचूनच भरपाई कोण करणार होते हे कळते. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा असा माझा आग्रह आहे, कारण लेथवरच्या निम्म्याअधिक ‘अनाकलनीय’ तक्रारी मला या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबलेल्या दिसल्या आहेत.

याची उलट बाजूही तितकीच नेहमीची आहे. संगणकाने भरपाई केलेले आकडे पाठवले, वर पोस्टने जी४२ लिहिला आणि ऑपरेटरने शिस्तीने ऑफसेटच्या पानावर आरच्या रकान्यात ०.८ भरले, तर भरपाई दोनदा होते आणि १ मिमीचा चॅम्फर १.४७ मिमीचा पडतो. संगणकाच्या भरपाईने काम करायचे असेल, तर जी४१-जी४२ लिहूच नयेत (जी४१ ही दुसऱ्या बाजूच्या भरपाईची आज्ञा). झिजेच्या सुधारणेसाठी ते ठेवायचे असतील, तर आरच्या रकान्यात इन्सर्टची पूर्ण गोलाई न भरता शून्यापासून सुरुवात करावी. हा निर्णय कारखान्याने एकदाच घ्यावा आणि सर्व प्रोग्रॅमसाठी एकच ठेवावा. एका पाळीचा प्रोग्रॅमर एक पद्धत आणि दुसऱ्या पाळीचा दुसरी वापरू लागला, तर ऑपरेटरने कोणावर विश्वास ठेवायचा?

भरपाई चालू असूनही आकडे भरकटतात तेव्हा टोकाचा क्रमांक पाहावा. काल्पनिक टोक गोलाईच्या कोणत्या बाजूला आहे, हे कंट्रोलला एका अंकाने सांगावे लागते. मागच्या बाजूला टरेट असलेल्या लेथवर, चकाकडे जाणाऱ्या बाहेरच्या टर्निंग टूलसाठी तो ३ असतो आणि भरपाई जी४२ असते, तर बोरिंग बारसाठी (भोक आतून कापणाऱ्या टूलसाठी) तो २ असतो आणि भरपाई जी४१. रकान्यात ० राहिला, तर कंट्रोल सेट केलेला बिंदू हाच गोलाईचा केंद्रबिंदू समजतो आणि पूर्ण गोलाईइतके मागे सरतो. ०.८ च्या इन्सर्टवर व्यास एकदम १.६ मिमीने मोठा येतो. व्यास १.६, ०.८ किंवा २.४ अशा ‘ओळखीच्या’ आकड्याने चुकत असेल, तर सेटिंगमधल्या निष्काळजीपणाआधी या रकान्यावर संशय घ्यावा.

गोलाईचे कोपरे हेही याच भरपाईचे भावंड आहेत. भरपाईविना ३ मिमीचा बाहेरचा गोल कोपरा ०.८ च्या टूलने २.२ मिमीचा होतो आणि ३ मिमीचा आतला फिलेट (आतल्या कोपऱ्याची गोलाई) ३.८ मिमीचा. एक लहान आणि दुसरा मोठा येतो, म्हणून पुष्कळ जण दोन वेगळ्या चुका शोधत बसतात.

आता वर्तुळाच्या कंसाकडे, म्हणजे जी०२ (घड्याळाच्या दिशेने) आणि जी०३ (उलट दिशेने) या आज्ञांकडे वळू. लेथवरच्या कोडमध्ये सर्वांत जास्त अलार्म येथेच येतात, आणि अलार्म न येता होणारे नुकसानही येथेच होते. मुळाशी एक विसंगती आहे. लेथवर एक्स बहुधा व्यासात लिहितात, पण कंसाचा केंद्रबिंदू सांगणारा आय हा नेहमी त्रिज्येत असतो आणि तो सुरुवातीच्या बिंदूपासून मोजतात (झेडच्या दिशेतले तसेच अंतर म्हणजे के). ३० मिमी व्यासावर, झेड-२० पासून ४० मिमी व्यासापर्यंत ५ मिमीचा आतला फिलेट घ्यायचा असेल, तर ओळ अशी हवी:

जी०२ एक्स४०. झेड-२५. आय५. के०.

पोस्टमध्ये आयलाही व्यासाचा गुणक लागला, तर ओळीत आय१०. येते. मग कंट्रोल केंद्रबिंदू १० मिमीवर धरतो. सुरुवातीपासून केंद्राचे अंतर १० मिमी भरते, पण शेवटच्या बिंदूपासून ते ७.०७ मिमीच निघते. दोन त्रिज्या जुळत नाहीत आणि फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर ०२० क्रमांकाचा, त्रिज्येतील फरकाचा अलार्म येतो. हा अलार्म आला की ऑपरेटर बऱ्याचदा पॅरामीटर ३४१० मधली फरकाची मर्यादा वाढवून मशीन चालू करून घेतो. दशांशाच्या तिसऱ्या स्थानावर पूर्णांकन होऊन एक-दोन मायक्रॉनचा फरक पडत असेल तर तेवढी मोकळीक ठीक आहे, पण येथे फरक जवळपास ३ मिमीचा आहे. तो मर्यादेने झाकला तर टूल जॉबमध्ये घुसेल. आधी आय आणि के हाताने तपासावेत.

दुसरा धोका दिशेचा. टरेट मागे असलेल्या लेथवर चकाकडे जाताना बाहेर फुगलेला कंस जी०३ ने आणि आत दबलेला जी०२ ने होतो. टरेट पुढे असलेल्या मशीनवर तेच दृश्य आरशातल्यासारखे उलटे दिसते, आणि पोस्ट एका प्रकारच्या मशीनसाठी लिहिलेले असून दुसऱ्यावर वापरले, की दिशा उलटण्याची शक्यता असते. आय-के पद्धतीत उलटलेली दिशा निदान ग्राफिकवर लगेच दिसते, कारण ९० अंशांऐवजी २७० अंशांचा वळसा पडतो. आर पद्धतीत (केंद्राऐवजी त्रिज्या लिहितात तेव्हा) मात्र सुरुवात, शेवट आणि त्रिज्या तेच राहतात, कोणताही अलार्म येत नाही, आणि फुगीर कोपऱ्याच्या जागी खड्डा पडून जॉब तयार होतो. म्हणूनच नवे पोस्ट तपासताना मी आर पद्धत बंद ठेवतो आणि आय-के मागवतो.

व्यास आणि त्रिज्या यांचा घोळ एक्सच्या आकड्यांतही होऊ शकतो. पोस्ट त्रिज्येत लिहीत असेल आणि कंट्रोल व्यासात वाचत असेल, तर ३० मिमीचा शाफ्ट १५ मिमीवर जाऊन कापला जाईल. फाइलमधला सर्वांत मोठा एक्स पाहून तो ड्रॉइंगच्या व्यासाशी जुळतो की निम्मा आहे, हे दहा सेकंदांत कळते, आणि हे पाहिल्याशिवाय सायकल स्टार्टचे (प्रोग्रॅम सुरू करण्याचे) बटण दाबू नये.

तसाच एक छोटा ठिपका. पुष्कळ फॅनुक कंट्रोलवर एक्स५० असे दशांशचिन्हाविना लिहिले, तर त्याचा अर्थ ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिमी होतो. एक्स५०. असे लिहिले तरच तो ५० मिमी होतो. पॅरामीटर ३४०१ ने ही वागणूक बदलता येते, त्यामुळे एका मशीनवर सुरळीत चाललेला प्रोग्रॅम शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या मशीनवर अपघात करू शकतो. पोस्टला प्रत्येक अंतरामागे दशांशचिन्ह सक्तीने लिहायला लावावे.

कंट्रोलच्या बोलीचा मुद्दा येथे प्रत्यक्ष दिसतो. फॅनुक लेथ कंट्रोलमध्ये जी-कोडच्या ए, बी आणि सी अशा तीन पद्धती आहेत आणि कोणती चालू आहे हे पॅरामीटर ठरवतो. ए पद्धतीत प्रतिफेरा फीड (टूल सरकण्याची गती) म्हणजे जी९९ आणि प्रतिमिनिट फीड म्हणजे जी९८. बी पद्धतीत तेच काम जी९५ आणि जी९४ करतात. बी पद्धतीत जी९० म्हणजे निरपेक्ष मोजमाप, तर ए पद्धतीत जी९० हे बाहेरच्या टर्निंगचे चक्र आहे. तिथे सापेक्ष हालचालीसाठी एक्स-झेडऐवजी यू आणि डब्ल्यू लिहितात. मिलिंगचे पोस्ट थोडेफार बदलून लेथसाठी वापरण्याचा प्रयत्न येथेच फसतो. फीडचा एकच शब्द चुकला तर काय होते पाहा. एफ०.२ हा प्रतिफेरा ०.२ मिमी म्हणून लिहिला आणि कंट्रोल प्रतिमिनिट पद्धतीत असला, तर टूल मिनिटाला ०.२ मिमी सरकते आणि मशीन अडकल्यासारखे वाटते. याच्या उलट एफ२०० प्रतिफेरा वाचला गेला, तर इन्सर्ट वाचण्याची आशा नाही.

स्पिंडलच्या वेगाबाबत एकच गोष्ट सांगतो, पण ती जिवाशी संबंधित आहे. जी९६ मध्ये आपण कापण्याचा वेग स्थिर ठेवतो, म्हणजे व्यास कमी झाला की फेरे वाढतात. मिनिटाला २०० मीटर वेगाने ५० मिमी व्यासावर सुमारे १२७३ फेरे होतात, १० मिमीवर सुमारे ६३६६, आणि फेसिंग करताना टूल केंद्राकडे गेले की हा आकडा मशीनच्या कमाल फेऱ्यांपर्यंत चढत जातो. त्या वेगाला चकाचे जॉ बाहेरच्या दिशेने ओढले जाऊन पकड सैल होते आणि जॉब सुटून येऊ शकतो. म्हणून जी९६ च्या आधी जी५० आणि त्यासोबत फेऱ्यांची कमाल मर्यादा असलीच पाहिजे (बी पद्धतीत जी५० ऐवजी जी९२). पोस्टमध्ये ती नसेल, तर ऑपरेटर दर वेळी हाताने घालील या भरवशावर राहू नये.

आटे पाडताना मात्र जी९७ हवा, म्हणजे फेरे स्थिर. प्रत्येक पासला व्यास थोडा कमी होतो, आणि जी९६ चालू राहिला तर फेरेही बदलतात व आटा आधीच्या खाचेत नीट बसत नाही. एम२० गुणिले २.५ चा, म्हणजे २० मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी पिचचा (लगतच्या आट्यांमधल्या अंतराचा), बाहेरचा आटा घेऊ. आट्याची खोली पिचच्या ०.६१३४ पट, म्हणजे १.५३३ मिमी, आणि मुळाचा व्यास १६.९३३ मिमी. जी७६ या आटे पाडण्याच्या चक्राच्या दुसऱ्या ओळीत ही खोली पी१५३३ अशी, दशांशचिन्हाविना, मायक्रॉनमध्ये लिहायची असते. वर सांगितलेला ‘सर्वत्र दशांशचिन्ह’ हा नियम पोस्टने येथेही लावला, तर अलार्म येतो. पोस्टने नुसता अपूर्णांक छाटून पी१ लिहिले, तर कंट्रोलच्या लेखी आट्याची खोली एक मायक्रॉन होते. याशिवाय सुरुवातीचे अंतर पाहावे. ६०० फेऱ्यांना २.५ पिच म्हणजे मिनिटाला १५०० मिमीची चाल, आणि ती पकडायला झेड अक्षाला काही जागा लागते. टूल जॉबच्या तोंडाला चिकटून सुरू झाले, तर पहिले दोन-तीन आटे पिचला चुकतात आणि गेज आत जात नाही. बाकी कोड अगदी बरोबर असतो, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

रफिंगच्या, म्हणजे जादा माल काढण्याच्या, जी७१ चक्रामध्ये पोस्टच्या चुकीपेक्षा आकाराचीच अडचण जास्त येते. साध्या प्रकारात पी आणि क्यू (आकाराची पहिली आणि शेवटची ओळ) यांच्यामधला आकार एकाच दिशेने वाढत किंवा घटत गेला पाहिजे. मध्येच गळा (खोलगट भाग) आला, तर अलार्म तरी येतो किंवा गळा भरलेलाच राहतो. शिवाय पी-क्यूमधल्या ओळींत लिहिलेले फीड जी७१ दुर्लक्षित करतो आणि जी७० फिनिशिंगमध्ये वापरतो. ‘फीड बदलले तरी रफिंग तसेच चालते’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. बोरिंगसाठी फिनिशिंगच्या अलाउन्सचा (त्यासाठी मागे ठेवायच्या मालाचा) यू ऋण असावा लागतो. तो धन राहिला, तर रफिंगच मापाच्या पलीकडे जाते आणि फिनिशिंगला माल उरत नाही.

कोडमधला प्रत्येक आकडा बरोबर असूनही टक्कर होऊ शकते, आणि हे पुष्कळांना पटत नाही. जी०० मध्ये, म्हणजे न कापता वेगाने (रॅपिड) सरकताना, अनेक मशीनवर दोन्ही अक्ष आपापल्या पूर्ण वेगाने स्वतंत्रपणे धावतात, त्यामुळे मार्ग सरळ नसतो, मोडलेला असतो. समजा टूल एक्स१०० झेड१०० वरून एक्स२० झेड२ ला बोलावले. एक्सला त्रिज्येने ४० मिमी जायचे आहे आणि झेडला ९८ मिमी. दोन्हींचा रॅपिड वेग सारखा असेल, तर एक्स आधी पोचतो आणि त्या क्षणी झेड अजून ६० वर असतो. तिथून टूल २० मिमी व्यासावर सरळ चकाकडे धावते. कॅमच्या पडद्यावरच्या सरळ रेषेत हेच टूल झेड६० ला सुमारे ६७ मिमी व्यासावर दिसले होते. त्या जागी टेलस्टॉकचे (जॉबला दुसऱ्या टोकाने आधार देणाऱ्या भागाचे) रिव्हॉल्व्हिंग सेंटर असेल, तर टूल थेट त्याच्या अंगावर जाते. फॅनुकवर पॅरामीटर १४०१ मधल्या एका बिटने जी०० सरळ रेषेत करता येतो. तरीही टेलस्टॉक वापरताना आधी झेड आणि मग एक्स अशा दोन वेगळ्या ओळी पोस्टकडून लिहून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. परतताना क्रम उलटा, आधी एक्स बाहेर आणि मग झेड.

काही दोष पोस्टपर्यंत पोचण्याच्या आधीच तयार झालेले असतात. ग्राहकाकडून आलेले ड्रॉइंग पीडीएफमधून बदलून डीएक्सएफ (कॅमला वाचता येणारा ड्रॉइंगचा फाइल-प्रकार) केलेले असेल, तर त्यातले कंस तुटून शेकडो छोट्या सरळ रेषा झालेल्या असतात. मग प्रोग्रॅम हजारो ओळींचा होतो, मशीन अडखळत चालते आणि गोलाईवर पैलू दिसतात. फाइलमध्ये जी०२-जी०३ जवळजवळ नाहीत आणि जी०१ ची रांगच्या रांग आहे, ही त्याची खूण. पोस्ट बदलून यात काहीच सुधारणार नाही. ती भूमिती पुन्हा खऱ्या कंसांनी काढावी.

फाइल मशीनवर नेताना होणारी चूक क्वचितच आढळते, पण आढळते तेव्हा फार हैराण करते. जुन्या मशीनवर आरएस-२३२ केबलने पाठवताना दोन्हीकडचा वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट जुळले नाहीत, तर अक्षरे बदलतात किंवा प्रोग्रॅम अर्धवट पोचतो. पाठवल्यानंतर कंट्रोलवर शेवटची ओळ उघडून एम३० (प्रोग्रॅम संपल्याची आज्ञा) आहे ना, एवढे पाहावे.

पहिला जॉब चालवताना सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ चालवणे) चालू ठेवावा, रॅपिड सर्वांत खालच्या टप्प्यावर ठेवावा, आणि डोळे टूलवर ठेवण्याइतकेच उरलेले अंतर दाखवणाऱ्या रकान्यावर ठेवावेत. टूल जॉबपासून ५ मिमीवर दिसत आहे आणि रकान्यात ४० मिमी उरले आहेत, तर हात फीड होल्डवर (टूल थांबवण्याच्या बटणावर) गेलाच पाहिजे. मशीन लॉक करून ग्राफिक पाहिले असेल, तर नंतर पुन्हा रेफरन्स (अक्षांची मूळ स्थिती) घ्यावा, कारण लॉकमध्ये पडद्यावरची स्थिती पुढे सरकते आणि अक्ष जागच्या जागी राहतात.

त्या शाफ्टच्या बाबतीत शेवटी पोस्टमध्ये जी४२ लिहिण्याची दुरुस्ती झाली आणि तिची परीक्षा एका चाचणीच्या तुकड्यावर घेतली. ॲल्युमिनियमच्या बारवर एक टेपर, एक फुगीर कोपरा, एक आतला फिलेट, एक ग्रूव्ह आणि एक आटा घेतला, आणि प्रत्येक माप हाताने काढलेल्या आकड्याशी ताडून पाहिले. मग एक काम उरले होते, जे हमखास राहून जाते. मशीनच्या मेमरीत आणि संगणकावर त्याच पोस्टमधून आधी निघालेले कितीतरी प्रोग्रॅम होते, आणि त्यांतल्या काहींत ऑपरेटरने चॅम्फर भरावा म्हणून हाताने आकडे वाढवलेले होते. अशा प्रोग्रॅमवर दुरुस्त पोस्टमधला जी४२ चढवला, तर चॅम्फर पुन्हा दीड मिलिमीटरचा पडला असता. म्हणून ते सर्व बाजूला काढले, मूळ कॅम फाइलमधून नव्याने पोस्ट केले, आणि प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत कंसात नव्या पोस्टची तारीख घातली.